पीटीआर, आरएसपीए की यूएसटीए? अमेरिकेत टेनिस कोचचं सर्टिफिकेट नक्की कुणाचं घ्यायचं

फोरहँड_पुणेरी
नमस्कार मंडळी, इथे टेनिसवाले किती आहेत माहीत नाही, तरी विचारून बघते. मी पुण्यात वाढले, ज्युनिअरला एआयटीएच्या (भारतीय टेनिस संघटनेच्या) टुर्नामेंट खेळले, मग युनिव्हर्सिटीकडून, आणि लग्नाआधी काही वर्षं एका अकॅडमीत लहान पोरांना शिकवायचे, तेव्हाच आयटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनचा, लेव्हल वनचा कोर्स केला होता. आता न्यू जर्सीत आहे. एच फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर, घरी बसून डोकं फिरायची वेळ आली होती, शेवटी एकदाचं ईएडी, म्हणजे कामाचं परमिट, आलं.

जवळच्या क्लबच्या टेनिस डिरेक्टरला जाऊन भेटले. त्याने थोडा वेळ माझ्याशी हिटिंग केलं, खूश झाला, म्हणाला मुलांच्या ग्रुपला माणूस हवाच आहे, पण आधी सर्टिफाय होऊन ये. कुणाकडून म्हटलं तर म्हणतो यूएसपीटीए, कोच लोकांची असोसिएशन, मी स्वतः तिथलाच आहे. पार्किंगमध्ये त्याच्याच हाताखालचा कोच भेटला, तो म्हणाला छे गं, पीटीआर कर, ती दुसरी असोसिएशन, निदान शिकवतात तरी. घरी येऊन शोधलं तर यूएसपीटीए नावच धड सापडेना, सगळीकडे आरएसपीए येतंय, आणि सगळ्यात वर यूएसटीएची, म्हणजे इथल्या टेनिस फेडरेशनची, स्वतःची यूएसटीए कोचिंग म्हणून तिसरीच भानगड. तिघांची वेगळी मेंबरशिप, वेगळी फी, आणि तिघंही आपणच खरे असं सांगतायत.

तर नक्की कुणाचं करू? माझ्या लेव्हल वनला इथे काही किंमत आहे का? आणि हे एकमेकांच्या जिवावर का उठलेत, कुणाला माहितीये का? नवरा म्हणतो तिन्ही करून टाक, त्याला काय जातंय बोलायला 😀

ह्यूस्टनकर_काका
मी इथे टेक्सासात बरीच वर्षं कोचिंग करतोय, दोन्हीकडचा मेंबर राहिलोय, त्यामुळे थोडं पाल्हाळ लावतो, कंटाळा आला तर शेवटचा पॅरा वाच.

पहिली गोष्ट, अमेरिकेत टेनिस शिकवायला कायद्याने कुठलंही लायसन्स लागत नाही. केस कापायला राज्याचं लायसन्स लागतं पण दुसऱ्याच्या पोराची सर्व्हिस बिघडवायला काहीही लागत नाही. उद्या पब्लिक पार्कात बास्केट घेऊन उभी राहिलीस तर पार्कवाले परमिट विचारतील, सर्टिफिकेट कुणी विचारणार नाही. सर्टिफिकेट मागतो तो क्लब, आणि तोही मुख्यतः इन्शुरन्ससाठी आणि मेंबर लोकांना सांगायला की आमचे सगळे प्रो सर्टिफाइड आहेत. सगळी मारामारी ह्या एका गेटवर कुणाचा वॉचमन बसणार याची आहे.

आता यूएसपीटीए म्हणजे जुनं घराणं, १९२७ सालचं. त्या काळात पैसे घेऊन शिकवणारा तो प्रोफेशनल, आणि प्रोफेशनल म्हटला की त्याला फॉरेस्ट हिल्सला, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्रीय स्पर्धेत, खेळायला बंदी, तिथे फक्त हौशी. फेडरेशन हौशी लोकांची, तिला ह्या पैसे घेणाऱ्या लोकांशी काही घेणंदेणं नव्हतं. मग ह्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये आपली असोसिएशन काढली आणि त्याच वर्षी आपली प्रो चॅम्पियनशिपही घेतली, ती व्हिन्सेंट रिचर्ड्सने जिंकली. १९६८ ला ओपन एरा आला, म्हणजे हौशी आणि प्रोफेशनल एकत्र खेळू लागले, आणि ती बंदी गेली, पण फेडरेशन वेगळी आणि शिकवणारे वेगळे ही फट तशीच राहिली. आजचं भांडण समजून घ्यायचं तर ही फट लक्षात ठेव.

पीटीआर आली १९७६ ला, डेनिस व्हॅन डर मीर नावाच्या माणसाने काढली. हा जन्माने आजच्या नामिबियातला. १९७३ मध्ये आमच्या ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये बिली जीन किंगने बॉबी रिग्जला हरवलं ना, तीस हजारावर पब्लिक होतं, तेव्हा तिच्या बाजूने कोच म्हणून हाच होता. ह्याचं म्हणणं असं की कोच चांगला खेळतो म्हणून चांगला शिकवतो असं नसतं, शिकवणं हे वेगळं शिकवायला लागतं, आणि ते सगळीकडे एकाच पद्धतीने शिकवलं पाहिजे म्हणजे मूल एका गावातून दुसऱ्या गावात गेलं तरी कोच बदलल्याने त्याचा फोरहँड पहिल्यापासून सुरू होणार नाही. त्याला तो स्टँडर्ड मेथड म्हणायचा. साउथ कॅरोलायनात हिल्टन हेड बेटावर त्याचं बस्तान होतं, तिथे तो कोच लोकांनाच शिकवायचा.

जुन्या परीक्षांमध्ये हा फरक चक्क दिसायचा. यूएसपीटीएला ग्रिपची वेगळी परीक्षा, रॅकेटच्या दांड्याच्या आठ बाजूंपैकी तळहाताचा फुगवटा कुठल्या बाजूवर आणि तर्जनीचं पेर कुठल्या बाजूवर, प्रत्येक फटक्याला धरून दाखवायचं. पीटीआरला लेखी, ड्रिल, स्वतःचे फटके, चूक ओळखणे आणि प्रत्यक्ष शिकवणे असे पाच भाग. त्यातलं चूक ओळखणे भल्याभल्यांना घाम फोडायचं. एक फटका बघायचा आणि मूळ चूक एकच सांगायची. चांगले खेळणारे तिथे चार चुका सांगून मोकळे व्हायचे, कारण त्यांना खरंच चार दिसायच्या, पण समोरच्या आठ वर्षांच्या पोराला चार सांगून काय उपयोग. पुढे दोन्हीकडे लेव्हल आल्या, ऑनलाइन भाग आला, वर्कशॉप आली, आज कोर्सच्या दर्जात फार फरक राहिलेला नाही.

शेवटचा पॅरा: तुझा डिरेक्टर ज्याचा मेंबर आहे त्याचंच कर. तोच तुला काम देणार आहे, तोच मेंटर म्हणून सही करणार आहे. पार्किंगमधला कोच काम देत नाही.

लॉब_मास्तर
काका, इतिहास झकास, पण खरा मसाला तुम्ही गाळलात. ही दोन घराण्यांची भाऊबंदकी आता जुनी झाली हो, गेल्या काही वर्षांत तिसराच पाटील गावात आलाय.

झालं असं की वर्षानुवर्षं यूएसटीए बाजूला उभी होती, कोच तयार करायचं काम ह्या दोघांवर सोडलेलं. २०१७ मध्ये दोन गोष्टी झाल्या. फ्लोरिडात ऑर्लँडोजवळ लेक नोनाला यूएसटीएचा शंभर कोर्टांचा कॅम्पस उघडला, आणि मुलांसाठी नेट जनरेशन नावाचा प्रोग्रॅम आला, ज्यात यायचं तर कोचने बॅकग्राउंड चेक आणि सेफस्पोर्टचं, म्हणजे खेळाडूंना गैरवर्तनापासून जपायचं, ट्रेनिंग करायचं. मग यूएसटीए म्हणाली तुमच्या दोघांच्या कोर्सना आम्ही ॲक्रिडिटेशन देऊ, म्हणजे कोच तुम्ही तपासा, तुम्हाला आम्ही तपासू. आणि गंमत बघा, यूएसपीटीएने ह्यूस्टनचं हेडऑफिस हलवून लेक नोनालाच नेलं, यूएसटीएच्या दारात. लोकांना वाटलं आता सगळे एका पंगतीला बसणार.

आणि २०२४ मध्ये यूएसटीएने सांगितलं की आम्ही आमचंच यूएसटीए कोचिंग काढतोय. आता अंपायरच रॅकेट घेऊन कोर्टवर उतरला म्हटल्यावर बोंबाबोंब होणारच. दोन्ही संस्थांचं पोट कोचच्या वार्षिक वर्गणीवर आहे, रॅकेट आणि बॉलवाल्या कंपन्या त्यांच्या मेंबरना डिस्काउंट देतात, त्या कॉन्फरन्सना स्पॉन्सर करतात, हे सगळं मेंबरच्या आकड्यावर चालतं. समोर यूएस ओपनचा गल्ला असलेली फेडरेशन उभी राहिली तर ह्यांनी फी कुठल्या तोंडाने मागायची?

यूएसपीटीएने मग नावच बदललं, आता रॅकेट स्पोर्ट्स प्रोफेशनल्स असोसिएशन, तेच तुमचं आरएसपीए. नुसतं टेनिस नाही, पिकलबॉल, पॅडल, प्लॅटफॉर्म टेनिस, स्क्वॉश सगळं एका छत्रीखाली. ह्यात डोकं आहे, कारण आजकाल क्लबचा डिरेक्टर टेनिस डिरेक्टर राहिलाच नाही, त्याच्याकडे निम्मे कोर्ट पिकलबॉलचे असतात. पीटीआर तर आधीच शहाणी, २०१८ मध्येच त्यांनी पिकलबॉलची पीपीआर काढून ठेवली होती.

आणि तरीही मी यूएसटीएच्या बाजूने आहे, मारा दगड. त्यांना २०३५ पर्यंत देशात साडेतीन कोटी खेळणारे हवेत. इतक्या लोकांना शिकवणार कोण? ह्या दोघांचे मेंबर होऊन, परीक्षा देऊन आलेले लोक एकीकडे, आणि शाळांत, पार्कांत, समर कॅम्पमध्ये शिकवणारे कॉलेजचे पोरंपोरी दुसरीकडे, ज्यांची नोंद कुठेच नाही. शंभर वर्षांत ह्या घराण्यांनी त्यांच्यासाठी काय केलं? दरवाजा अरुंद ठेवला आणि आत बसून भांडले.

ह्यूस्टनकर_काका
मास्तर, दरवाजा अरुंद होता म्हणून तर प्रोला तासाला बरा रेट मिळत होता. उद्या चार व्हिडिओ बघून कुणीही कोच झाला तर क्लब काय करेल सांगा? स्वस्तातला घेईल. फेडरेशनला आकडा हवाय, मला घराचा हप्ता भरायचाय, हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. यूएसटीए आमची संस्था नाही हो, ती खेळाची आहे. कोचची बाजू मांडायला कोचचीच संस्था लागते, मग ती म्हातारी, आळशी, भांडकुदळ कशी का असेना.

आणि तपासणाऱ्याने स्वतः दुकान मांडू नये हे तर शेंबडं पोरगंही सांगेल.

लॉब_मास्तर
अहो पण जगात बहुतेक ठिकाणी असंच आहे ना. ब्रिटनमध्ये एलटीए, म्हणजे तिथली फेडरेशन, स्वतःच कोर्स घेते आणि स्वतःच ॲक्रिडिटेशन देते. फ्रान्समध्ये तर पैसे घेऊन टेनिस शिकवायचं तर चक्क सरकारमान्य डिप्लोमा लागतो, ते न करता शिकवलं तर बेकायदा. तिथे काही कोच उपाशी मेलेले नाहीत, उलट त्यांच्या क्लबांत गावोगावी शिकलेला माणूस असतो. दोन-तीन खाजगी संस्था एकाच पाटीसाठी भांडतायत हा अमेरिकन प्रकार आहे.

ह्यूस्टनकर_काका
फ्रान्समध्ये ते सरकार करतंय. सरकार आणि फेडरेशन एक नव्हे. असो, हिचा धागा आहे, आपण दोघं वेगळा काढून भांडू.

डेक्कनचे_सर
काय गं, पुण्याची म्हणतेस आणि लेव्हल वन केलंयस, म्हणजे बहुतेक आमच्याच कुठल्यातरी बॅचची असशील. तुमचं अमेरिकेचं वाचून करमणूक झाली, कारण इकडेही तेच आहे, फक्त पाट्या वेगळ्या.

आपल्याकडे तीन रस्ते. एक आयटीएफचे कोर्स, ते एआयटीएमार्फत होतात, आधी नवशिक्यांचे, मग ॲडव्हान्स्ड खेळाडूंचे, मग हाय परफॉर्मन्स. दुसरा एनआयएसचा डिप्लोमा, पतियाळाच्या सरकारी क्रीडा संस्थेचा. साईमध्ये (भारतीय क्रीडा प्राधिकरणात) किंवा सरकारी कोचची जागा हवी असेल तर जाहिरातीत तो डिप्लोमा पहिला मागतात, तिथे आयटीएफची लेव्हल दाखवून उपयोग नाही. आणि तिसरे हे परदेशी खाजगी वाले, पीटीआर, आरपीटी, जीपीटीसीए, त्यांचे लोक येतात, छोटे कोर्स घेतात, फोटो काढतात, जातात. कोर्स वाईट असतात असं मी म्हणत नाही, मी स्वतः त्यातल्या एकाला बसलोय आणि फूटवर्कचं खूप चांगलं मिळालं. पण पालकांना काय कळणार कुठली काय. आयटीएफ देशांच्या कोच एज्युकेशनला गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशी मान्यता देते, ती फेडरेशनच्या सिस्टिमला असते, एखाद्या कोचला नाही, पण मी डोळ्याने पाहिलंय, आमच्या भागातल्या एका अकॅडमीच्या फ्लेक्सवर कोचच्या नावापुढे "गोल्ड लेव्हल" छापलेलं. बाजूला सात-आठ लोगो, त्यातला एक बॉल बनवणाऱ्या कंपनीचा.

त्याच अकॅडमीत संध्याकाळी जाऊन उभा राहिलो. सहा-सात वर्षांची पोरं, पूर्ण कोर्ट, पिवळा बॉल, लाइनीत दहा-बारा जण उभे, सर बास्केटमधून एकेक बॉल टाकतायत, पोरगं मारतं, पळत मागे जाऊन परत लाइनीत. पोरांच्या डोक्यावरून बॉल उडतोय. अरे, २०१२ पासून आयटीएफचा नियम आहे की दहा वर्षांखालच्या स्पर्धेत साधा पिवळा बॉल चालत नाही, लाल, नारिंगी, हिरवा वापरायचा. लाल बॉल साध्यापेक्षा पंचाहत्तर टक्के संथ असतो, तो त्या पोराच्या कमरेएवढाच उडतो म्हणून तर रॅली होते. लेव्हल वनला पहिल्या दिवसापासून हेच घोकून घेतात. सरांनी कोर्स केलेला होता, सर्टिफिकेट ऑफिसात फ्रेम करून लावलेलं होतं. लाल बॉल कुठेत विचारलं तर म्हणाले पालकांना आवडत नाहीत, त्यांना वाटतं आपल्या पोराला खोटं टेनिस शिकवतायत.

सांगायचा मुद्दा, तुझ्या लेव्हल वनला तिथला क्लब किंमत देईल न देईल, पण रेझ्युमेवर वर लिही, आणि डिरेक्टरला लाल बॉलचा एक ग्रुप अर्धा तास घेऊन दाखव. अमेरिकेतही त्यांना मुलांचे ग्रुप घेणारं माणूसच मिळत नाही असं ऐकतो, प्रत्येकाला प्रायव्हेट लेसन हवे.

कोर्टसाइड_आई
मी कोच नाही, डॅलसला असते, मुलगी नऊ वर्षांची आहे, आठवड्यातून तीनदा ह्या लोकांच्या हातात पोर देऊन मी गाडीत बसलेली असते. वरचं सगळं वाचलं, कुणाची संस्था मोठी, कुणाचं नाव बदललं. मला आईला ह्यातलं काय बघायचं ते कुणी सांगेल का? कारण इतक्या संस्था आहेत तर एकीने एखाद्याला काढलं तर तो दुसरीचं कार्ड घेऊन पुढच्या गावात शिकवत नसेल कशावरून?

लॉब_मास्तर
ताई, बरोबर प्रश्न विचारलात. म्हणूनच सर्टिफिकेट सोडा आणि आधी सेफ प्ले बघा. यूएसटीएचं सेफ प्ले अप्रूव्हल म्हणजे बॅकग्राउंड चेक अधिक यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्टचं ट्रेनिंग. हे सेंटर २०१७ ला सुरू झालं, जिम्नॅस्टिक्समधलं टीमच्या डॉक्टरने मुलींवर केलेल्या अत्याचाराचं ते भयंकर प्रकरण बाहेर आलं त्याच सुमारास, आणि २०१८ ला त्यासाठी कायदाही आला. त्यांच्या साइटवर कारवाई झालेल्यांची यादी असते, कुणीही नाव टाकून शोधू शकतं. सेंटरने बंदी घातली तर ती एका संस्थेपुरती राहत नाही, सगळ्या ऑलिम्पिक खेळांच्या फेडरेशनना लागू होते. क्लबला सरळ विचारायचं, ह्या कोचचं सेफ प्ले चालू आहे का, कधी संपतंय. लाजायचं नाही. आणि गाडीत बसू नका, कोर्टच्या बाजूला बसा.

ह्यूस्टनकर_काका
ह्या एका गोष्टीत मास्तरांशी शंभर टक्के सहमत. हे फेडरेशनचंच काम होतं आणि ते त्यांनी केलं.

कोर्टसाइड_आई
थँक्यू दोघांना. आत्ताच शोधलं, नाव नाही आलं यादीत, जीव भांड्यात पडला. पण आमच्याकडे पालकांना बाजूला बसू देत नाहीत, म्हणे मुलं डिस्ट्रॅक्ट होतात.

लॉब_मास्तर
मग क्लब बदला.

एच१बी_दुःखी
थोडं अवांतर, पण मीपण वीकेंडला मुलांना शिकवायचा विचार करतोय, कॉलेजमध्ये खेळायचो. पीटीआर केलं तर चालेल ना?

ह्यूस्टनकर_काका
अरे बाबा, सर्टिफिकेट कुणीही घेऊ शकतं, पण एच वन बीवर ज्या कंपनीने स्पॉन्सर केलंय तिच्याशिवाय दुसरीकडून पैसे घेऊ नकोस, रोखीत तर मुळीच नको. हौस असेल तर शाळेत, मंडळात फुकट शिकव, आणि तेही आधी वकिलाला विचारून. ह्या बाईचं ईएडी आहे, तिची गोष्ट वेगळी.

फोरहँड_पुणेरी
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना थँक्स. सर, तुमच्या बॅचची नाही पण तुम्ही कोण ते बहुतेक ओळखलंय, फ्लेक्सवाली अकॅडमीपण ओळखली 🙈

आज परत क्लबात गेले होते. डिरेक्टरला म्हटलं यूएसपीटीए आता आरएसपीए झालंय, तर म्हणाला हो हो, पण माझ्या शर्टवर अजून जुनंच आहे. त्याला विचारलं यूएसटीए कोचिंगचं पण करू का, तर इतका वेळ बोलला की शेवटी रिसेप्शनवालीने येऊन सांगितलं लेसन सुरू व्हायची वेळ झाली. थोडक्यात त्याला राग आहे. पण सेफ प्ले मात्र पहिल्या दिवसाच्या आत पाहिजे म्हणाला, त्याशिवाय कोर्टवर पाय ठेवू देणार नाही.

तर सेफ प्ले ह्या आठवड्यात करतेय, आणि मेंबरशिप आरएसपीएची. लाल बॉलचा ग्रुप दाखवते म्हटल्यावर तो एकदम उत्साहात आला, क्लबातले सगळे लाल बॉल कपाटात धूळ खात पडलेत म्हणे. एकच राहिलं, तो मला पगारावर घेणार नाहीये, १०९९ वर घेणार. त्यात इन्शुरन्सचं काय असतं?

ह्यूस्टनकर_काका
१०९९ म्हणजे तू कॉन्ट्रॅक्टर, क्लबची नोकर नाहीस. टॅक्स कापला जाणार नाही, दर तिमाहीला स्वतः भरायचा, नाहीतर एप्रिलमध्ये रडायची वेळ येते. आणि पोराला बॉल लागला, कुणी पाय मुरगळून पडलं, तर बोट तुझ्याकडे दाखवणार. क्लबच्या पॉलिसीत कॉन्ट्रॅक्टर धरलेत का ते लेखी मागून घे. मेंबरशिपबरोबर कोर्टवरचा लायबिलिटी इन्शुरन्स येतो, खरं सांगायचं तर निम्मे लोक वर्गणी त्याच्यासाठीच भरतात, भाषणं काहीही करोत. पण लेसन सोडून बाकी काय काय कव्हर होतं, पिकलबॉलचा ग्रुप घेतला तर ते धरतात का, हे पैसे भरायच्या आधी वाच.

आणि परीक्षेआधी फीडिंगची प्रॅक्टिस कर. सगळे स्ट्रोक घोटत बसतात आणि बास्केटमधून सलग वीस बॉल एकाच उंचीवर, एकाच जागी टाकताना फाटते.

डेक्कनचे_सर
तिची नाही फाटणार. आमच्याकडे बॉल मशीन बंद पडलेलंच असायचं.